ठरल्या वेळची गोळी

बदलापूर गांवाच्या नांवाची एक कथा तेथील लहानथोर सारेच सांगतात. कल्याणकडून घाटाकडे व कोंकणाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरचें हें गांव. येथें दमलेले घोडे सोडावयाचे, ताजे घोडे घ्यावयाचे आणि पुढची मजल मारावयाची, म्हणून तें बदलापूर. या व्युत्पत्तीचा निवाडा पंडितांनीं करावा. परंतु आज ज्या विषयावर मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें, त्याचें मर्म या कथेंत नेमकें सांपडतें. घोडा दमला तर तो बदलावा, प्रवास मात्र सोडूं नये.

श्रोतेहो, आजचा विषय आहे एच्. आय्. व्ही. नांवाच्या विषाणूवरील औषधांचा. तीं कशीं घ्यावयाचीं, घेतांना कोणता त्रास होऊं शकतो, आणि तो झाल्यास काय करावयाचें याचा. हा विषय चार माणसांत बोलण्याचा नव्हे, असें कांहीं मंडळींना वाटेल. परंतु हा विषाणु अंगीं असलेल्या माणसांची भारतांतील संख्या आज सुमारें 25 लाख आहे, आणि प्रांतवार पाहतां त्यांतील सर्वांत मोठा आंकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. एवढीं माणसें कांहीं अरण्यांत राहत नाहींत. तीं आपल्याच लोकलनें कामाला जातात, आपल्याच चाळींत व सोसायटींत राहतात, आणि रोज औषध घेणारीं माणसें आज इतरांसारखेंच दीर्घ आयुष्य जगूं शकतात. तें औषध त्यांना चोरून घ्यावें लागतें कीं निर्धास्तपणें घेतां येतें, हें मात्र पुष्कळ अंशीं तुम्हांआम्हांवर अवलंबून आहे.

प्रथम हा विषाणु करतो तरी काय, तें पाहूं. आपल्या रक्तांत सी. डी. फोर नांवाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतु अंगांत शिरला म्हणजे इतर पेशींना हांक मारून कामाला लावणें, हें त्यांचें काम. गांवच्या पाटलानें दवंडी पिटवावी तसें. एच्. आय्. व्ही. नेमका या पाटलावरच घाला घालतो. त्याची रीतिहि विलक्षण आहे. तो पेशींत शिरतो, आपल्याजवळच्या मजकुराची उलट नक्कल करवितो, आणि ती नक्कल पेशीच्या मूळ दप्तरांत चिकटवून देतो. तलाठ्याच्या दप्तरांत कोणी बनावट फेरफार नोंदवावा आणि पुढें प्रत्येक उताऱ्यावर तोच खरा म्हणून उतरत राहावा, तसाच हा प्रकार. त्या नोंदीबरहुकूम पेशी नवे विषाणु तयार करूं लागते व अखेर स्वतः नाश पावते. अशीं वर्षें लोटतात, सी. डी. फोर पेशींची संख्या घटत जाते, आणि एरव्हीं शरीर ज्यांना सहज आवरून धरतें ते क्षयासारखे रोग उचल खातात. या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. विषाणु अंगीं असणें आणि एड्स होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ध्यानांत ठेवावें. औषध वेळेवर सुरू झालें व नेमानें चालूं राहिलें, तर पहिल्या अवस्थेंतून दुसरींत जाण्याची वेळ सहसा येत नाहीं.

आज सरकारी केंद्रांतून बहुतेक प्रौढ माणसांना जी गोळी मिळते, तींत तीन औषधें एकत्र असतात: टेनोफोविर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्युडीन 300 मिलिग्रॅम आणि डोलुटेग्रॅविर 50 मिलिग्रॅम. पहिलीं दोन औषधें नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या हातीं खोटें अक्षर देतात. तें एकदां कागदावर उमटलें कीं त्यापुढें अक्षर जोडतां येत नाहीं. तिसरें औषध नक्कल दप्तरांत चिकटविणारा हातच धरून ठेवतें. एका औषधाऐवजीं तीन कां, असें कोणी विचारील. हा लेखनिक अतिशय घाईचा व बेफिकीर आहे. त्याच्या प्रत्येक नकलेंत चुका असतात. अशा असंख्य चुकांतून एखादी अशी निघते कीं जिच्यावर अमुक एक औषध चालत नाहीं. मग तोच वाण वाढतो आणि तें औषध निरुपयोगी होतें. तिन्ही औषधांना एकाच वेळीं चुकवील अशी नक्कल निघणें मात्र फार कठीण असतें.

येथें दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही कीं जी नोंद औषधापूर्वींच दप्तरांत गेली, ती हीं औषधें खोडून काढीत नाहींत. कांहीं पेशींत ती झोपून राहते आणि गोळी थांबली कीं बहुधा कांहीं आठवड्यांतच जागी होते. म्हणून हें औषध जन्मभर घ्यावयाचें. दुसरी गोष्ट ही कीं अधूनमधून गोळी घेणें हें बंद करण्यापेक्षांहि एका परीनें वाईट. रक्तांत औषध पुरेसें नाहीं, पण अगदींच नाहीं असेंहि नाहीं, अशा अर्धवट स्थितींत विषाणूला वाढण्यास वाव मिळतो आणि औषधाला दाद न देण्याची संवयहि लागते. रोजची वेळ पाळण्याचा आग्रह डॉक्टर करतात तो एवढ्यासाठीं. त्यांत नुसत्या शिस्तीची हौस नाहीं.

ही एक गोळी आपल्या हातीं येईपर्यंत पुष्कळ वर्षें गेलीं. 1983 सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत हा विषाणु प्रथम वेगळा काढण्यांत आला. त्याबद्दल फ्रांस्वाज बारे-सिनूसी व लुक मोंतान्ये यांना 2008 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांत तो प्रथम 1986 सालीं मद्रासेंत, म्हणजे आजच्या चेन्नईंत आढळला. तो शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत त्यांचा जन्म झाला. पुढें त्यांनीं या रुग्णांसाठीं जी संस्था काढली, तिला आपल्या वडिलांचें, वाय्. आर्. गायतोंडे यांचें नांव दिलें. त्या काळीं या रोगाचें नांव घेण्यासहि लोक धजत नसत. तेव्हां एका मराठी घराण्यानें आपलें नांव त्याच्या दारावर लावूं दिलें, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

1987 सालीं झिडोव्ह्युडीन या पहिल्या औषधाला अमेरिकेंत मान्यता मिळाली. 1996 च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली आणि मरणाच्या दारांतून माणसें परत येऊं लागलीं. परंतु त्या औषधांचा खर्च माणशीं वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर होता. तेव्हां तीं औषधें पश्चिमेकडे आणि रोगी मात्र इकडे, अशी स्थिति होती. 2001 सालच्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनीं तींच तीन औषधें वर्षाला 350 डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलराहून कमी किंमतींत, एका परोपकारी वैद्यकीय संस्थेला देऊं केलीं, आणि जगभर किंमती कोसळल्या. त्यानंतर 1 एप्रिल 2004 पासून भारत सरकारनें हें औषध मोफत देण्यास आरंभ केला. प्रथम देशांत आठच केंद्रें निघालीं, मुंबईचें जे. जे. रुग्णालय हें त्यांपैकीं एक. त्याच आवारांतील ग्रँट मेडिकल कॉलेजांत 1897 च्या जानेवारींत हाफकिन यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली होती. प्लेगच्या दिवसांत लोकांनीं घरचे आजारी माणूस तपासनिसांपासून कसें लपवून ठेवलें, त्या हकीगती आपण आजी-आजोबांच्या तोंडून आलेल्या आठवणींत ऐकल्या आहेत. रोगाहून रोगाचा बोभाटा अधिक भयंकर वाटावा, ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाहीं.

बदलापूर स्टेशन हें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटर. 2004 सालीं तेथील रुग्णाला मोफत औषध हवें असल्यास पहांटेची लोकल धरून भायखळ्यास उतरावें लागे, आणि दिवसाची मजुरी बुडवून सायंकाळीं परतावें लागे. औषधेंहि आजच्याइतकीं सौम्य नव्हतीं. त्या वेळच्या स्टॅव्ह्युडीन या औषधानें हातापायांना मुंग्या येत, आग होई, आणि कालांतरानें गालांवरची व हातापायांवरची चरबी झडून चेहरा खोल जाई. माणूस रोगांतून वांचे, पण त्याचे गालच त्याचें गुपित फोडीत. पुढें तें औषध सोडून देण्यांत आलें. त्याच्या जागीं टेनोफोविर, लॅमिव्युडीन व एफाव्हिरेंझ यांची एकत्र गोळी आली. एफाव्हिरेंझनें चक्कर येई आणि विचित्र, भडक स्वप्नें पडत, म्हणून ती रात्रीं निजतांना घेत. 2020 नंतर तिच्या जागीं डोलुटेग्रॅविरची गोळी येत गेली. घोडे बदलत गेले तें असें. 2017 पासून तर सी. डी. फोर पेशी किती उरल्या याची वाट न पाहतां, निदान झालें कीं औषध सुरू करावें, असें सरकारचें धोरण आहे. केंद्रेंहि आतां जिल्ह्याजिल्ह्यांतून आहेत. आपल्याला जवळचें कोणतें, हें 1097 या मोफत दूरध्वनि क्रमांकावर नांव न सांगतां विचारतां येतें.

आतां त्रासाकडे वळूं. औषधाचा त्रास तीन प्रकारचा असतो, आणि कोणता त्रास कोणत्या प्रकारांतला हें ओळखतां आलें म्हणजे निम्मी भीति जाते.

पहिला प्रकार आरंभींच्या दिवसांतला. मळमळ, डोकेंदुखी, पोट बिघडणें, थकवा, झोंप न लागणें, हीं त्याचीं रूपें. शरीर नव्या औषधाशीं जुळवून घेत असतें, आणि बहुतेकांच्या बाबतींत हा त्रास कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतो. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. तेलकट व तिखट कांहीं दिवस टाळून मऊ भात, मुगाची खिचडी, ताक असें थोडें थोडें खावें. पोट बिघडल्यास मीठसाखरेचें पाणी घेत राहावें. डोलुटेग्रॅविरनें झोंप उडत असेल, तर गोळीची वेळ रात्रीवरून सकाळवर नेण्याविषयीं केंद्रांत विचारावें. एवढ्या एका बदलानें पुष्कळांना आराम पडतो. जुन्या एफाव्हिरेंझच्या रुग्णांना रात्रीं घेण्याची संवय असते, म्हणून नवी गोळीहि तीं माणसें रात्रींच घेतात आणि मग तळमळत पडतात. या साऱ्या त्रासांत गोळी थांबविण्यासारखें कांहीं नसतें.

दुसरा प्रकार हळूहळू येणारा, बाहेरून न दिसणारा. टेनोफोविरचा परिणाम कांहीं जणांच्या मूत्रपिंडांवर व हाडांच्या बळकटीवर होतो. झिडोव्ह्युडीन घेणाऱ्यांचें रक्त कमी होऊं शकतें. डोलुटेग्रॅविरनें कित्येकांचें वजन वाढतें आणि कांहींच्या रक्तांतील साखर चढते. हे बदल माणसाला जाणवण्यापूर्वीं रक्ताच्या तपासणींत दिसतात; म्हणून केंद्रांत क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, साखर वगैरे तपासण्या सांगतात. "मला तर कांहींच होत नाहीं, मग पुन्हां पुन्हां रक्त कशाला?" असें म्हणून त्या चुकवूं नयेत. एक बारीक गोष्ट येथें सांगून ठेवतों. डोलुटेग्रॅविर सुरू केल्यावर क्रिएटिनिनचा आंकडा किंचित वाढलेला दिसतो. तें औषध मूत्रपिंडाला इजा न करतां केवळ त्या द्रव्याचा बाहेर पडण्याचा एक मार्ग अडवितें. त्या आंकड्याचा अर्थ डॉक्टरांनीं लावावा. आपण कागद वाचून घाबरूं नये आणि गोळी तर मुळींच सोडूं नये.

तिसरा प्रकार धोक्याचा, क्वचित् घडणारा, पण ओळखतां आलाच पाहिजे असा. अंगावर पुरळ उठून त्याबरोबर ताप येणें, तोंडांत किंवा डोळ्यांना फोड व जखमा होणें, कातडी सुटणें, डोळे पिवळे होऊन लघवी गडद होणें, दम लागणें, पोटांत असह्य कळा येऊन उलट्या न थांबणें, यांपैकीं कांहींहि झालें तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. नेव्हिरापीन या औषधानें असें गंभीर पुरळ व यकृताचा विकार होऊं शकतो. अबाकॅव्हिर नांवाच्या औषधाची ज्यांना वावडी निघते, त्यांनीं तें पुन्हां जन्मांत कधींहि घ्यावयाचें नसतें. म्हणून आपल्या औषधाचें नांव प्रत्येक रुग्णाला ठाऊक असलें पाहिजे. "ती पांढरी मोठी गोळी" एवढ्यावर भागत नाहीं.

येथेंच आणखी एक चकवा आहे. औषध सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत एखाद्याला ताप येतो, मानेंत गांठी येतात, खोकला वाढतो. घरचीं माणसें म्हणतात, "औषधानेंच बिघडलें." वास्तविक बऱ्याच वेळां शरीराची प्रतिकारशक्ति जागी होऊन अंगांत आधींपासून दडून बसलेल्या क्षयासारख्या रोगाशीं झुंजूं लागते, त्याचा तो खळबळाट असतो. पाटील शुद्धीवर आला आणि त्यानें चोर धरला, कीं गलका व्हावयाचाच. अशा वेळीं औषध टाकून घरीं बसणें हें अत्यंत घातक. केंद्रांत जाऊन क्षयाची तपासणी करून घेणें हाच उपाय.

आतां थोडें इतर औषधांशीं असलेल्या भांडणाविषयीं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथील नोकरदारांचा दिनक्रम आपण जाणतां. सकाळीं सातच्या आंत घर सोडावयाचें, दुपारीं मिळेल तें खावयाचें, रात्रीं उशिरां जेवावयाचें. तेव्हां आम्लपित्त हें तर ठरलेलें. घरोघरीं आम्लपित्ताची ती गुलाबी किंवा पांढरी पातळ बाटली असते. तींतील ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांचे क्षार डोलुटेग्रॅविरला पोटांतच बांधून टाकतात व रक्तांत जाऊं देत नाहींत. गोळी घेतली जाते, पण न घेतल्यासारखीच होते. म्हणून अशा औषधापूर्वीं निदान दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनीं आपली गोळी घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांनाहि हाच नियम. मात्र जेवणाबरोबर दोन्ही एकदम घेतल्यास चालतें. गरोदर स्त्रियांना लोह व कॅल्शियम देतातच, त्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तांत त्या औषधाचें प्रमाण वाढतें, म्हणून त्याची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. क्षयावरील रिफाम्पिसिन चालूं असतां डोलुटेग्रॅविर लवकर नाहींसें होतें. अशा वेळीं बारा तासांनीं त्याची आणखी एक गोळी देतात. फेफऱ्यावरील कांहीं औषधांचेंहि असेंच आहे. सारांश, दुसरा कोणताहि वैद्य, डॉक्टर किंवा औषधविक्रेता कांहीं देऊं लागला, काढा असो कीं भस्म असो, तर आपण कोणतें औषध घेतों हें निदान आपल्या केंद्रांत तरी सांगून विचारून घ्यावें. आणखी एक इशारा: टेनोफोविर व लॅमिव्युडीन हीं कावीळ बी या विषाणूलाहि आवरून धरतात. ज्यांना ती कावीळ आहे त्यांनीं गोळी एकाएकीं सोडली, तर यकृताचा विकार उसळून जिवावर बेतूं शकतें.

गोळी विसरली तर काय? आठवेल तेव्हां घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदीं जवळ आली असेल तर मात्र विसरलेली सोडून द्यावी आणि पुढची वेळेवर घ्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊं नयेत. आणि विसरल्याची गोष्ट केंद्रांत लपवूं नये. तेथील समुपदेशक रागावण्यासाठीं बसलेले नसतात. कां विसरली हें कळल्याखेरीज त्यांना उपाय सुचवितां येत नाहीं.

ती कां विसरते, हें खरोखर पाहण्यासारखें आहे. अशी कल्पना करा कीं बदलापुरांतील एक गृहस्थ आहे. घरांत आई आहे, बायको आहे, शाळेंत जाणारा मुलगा आहे. त्याच्या व बायकोच्या दोघांच्याहि गोळ्या चालूं आहेत; आईला कांहीं माहीत नाहीं. बाटलीवरचें नांव खरवडून ती धान्याच्या डब्यामागें ठेवलेली आहे. आई स्वयंपाकघरांत असली कीं गोळी टळते. पाहुणे आले कीं दोन दिवस टळते. लग्नाला गांवीं गेलें कीं आठ दिवस टळते. त्याला ना मळमळ होते, ना चक्कर येते. त्याच्या औषधाचा सर्वांत मोठा दुष्परिणाम म्हणजे चोरी. मग एखाद्या दिवशीं रक्ततपासणींत विषाणूंची संख्या वाढलेली निघते आणि केंद्रांतील डॉक्टर विचारतात, "गोळी चुकते काय?" तो मान खालीं घालतो.

आतां दुसरी कल्पना करा. त्या दोघांनीं एके दिवशीं समुपदेशकाच्या सल्ल्यानें आईला सांगितलें. तिनें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं, तिसऱ्या दिवशीं देवघराशेजारचा एक खण मोकळा करून दिला. आतां सकाळीं तो जोडे घालूं लागला कीं बायको आंतून विचारते, "अहो, गोळी झाली का? आणि खिशांतली डबी घेतलीत ना?" एवढ्यानें काम होतें. प्रत्येक घरांत असेंच घडेल अशी हमी मी देऊं शकत नाहीं. सांगावें कीं नाहीं, कोणाला व केव्हां सांगावें, हा ज्याचा त्याचा हक्क आहे, आणि कायद्यानेंहि तो मानलेला आहे. परंतु ऐकणाऱ्याचें मन कसें असावें हें तर आपल्या हातांत आहे! उद्यां आपल्याच घरांत कोणीं असें सांगितलें तर आपण ताट वेगळें करणार कीं खण मोकळा करणार, याचा विचार आजच करून ठेवावा. ताट, पेला, टॉवेल, शौचालय, हस्तांदोलन किंवा खोकला यांतून हा विषाणु जात नाहीं, हें तर आतां शाळेंतल्या मुलालाहि माहीत असतें.

खिशांतल्या डबीविषयीं बदलापूरकरांना अधिक सांगावयास नको. 2005 सालच्या 26 जुलैला उल्हास नदीनें काय केलें, तें त्यांनीं पाहिलें आहे. 2019 सालच्या 27 जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. त्यांतील पुष्कळजण रात्रीं घरून निघतांना उद्यां सकाळीं कोल्हापुरांत चहा घेऊं, असें म्हणून निघालेले असतील. 2020 च्या मार्चमध्यें तर गाड्याच थांबल्या; तेव्हां केंद्रांनीं एकदम अनेक महिन्यांचीं औषधें देण्याची सोय केली. तात्पर्य हें कीं रोज जवळ निदान दोन-तीन दिवसांच्या गोळ्या, पाण्यापासून सुरक्षित अशा डबींत, असाव्याच. आणि पावसाळ्यांत घरांतला साठा संपेपर्यंत थांबूं नये. प्रवासाला किंवा गांवीं जातांना केंद्राचें हिरवें, पांढरें जें काय पुस्तक किंवा कार्ड असेल तें बरोबर घ्यावें.

एवढें सारें सांभाळल्याचें फळ काय? तें फळ एका तपासणींत मोजतां येतें. औषध सुरू केल्यापासून सहा महिन्यांनीं, मग वर्षानें आणि पुढें दरवर्षीं रक्तांतील विषाणूंची मोजणी करतात. नेमानें औषध घेणाऱ्यांच्या रक्तांत ते इतके थोडे उरतात कीं यंत्रालाहि सांपडत नाहींत. अशा माणसापासून शरीरसंबंधानें जोडीदाराला लागण होत नाहीं. हें आतां अनुमान राहिलेलें नाहीं. नऊ देशांतील 1,763 दांपत्यांवर जें मोठें संशोधन झालें, त्यांत भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेमार्फत पुण्याकडील दांपत्येंहि सामील होतीं. एक जोडीदार बाधित व दुसरा निरोगी, अशीं तीं सारीं दांपत्यें. बाधित जोडीदाराला लवकर औषध दिल्यानें लागण 96 टक्क्यांनीं घटते, हें 2011 सालीं त्यांतून दिसून आलें, आणि पुढच्या संशोधनांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें कीं विषाणु सांपडेनासा झाला म्हणजे या मार्गानें तो जातच नाहीं. रक्तदान मात्र अशा माणसानें कधींहि करूं नये. गरोदर मातेनें औषध नेमानें घेतलें व जन्मल्यावर बाळाला द्यावयाचें औषध दिलें, तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदीं थोडी उरते. म्हणजे ही गोळी एकट्याची नव्हे. ती सबंध घराची आहे.

कायदाहि आज या माणसांच्या बाजूनें उभा आहे. 2017 सालीं संमत झालेला एच्. आय्. व्ही. व एड्सविषयक कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलांत आला. त्यान्वयें नोकरी, शिक्षण, औषधोपचार, भाड्याचें घर यांत या कारणानें भेदभाव करतां येत नाहीं, आणि एखाद्याची ही स्थिति त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्यास सांगतां येत नाहीं. बदलापुरांत रोज नव्या इमारती उभ्या राहत आहेत व दूरदूरचीं कुटुंबें तेथें बिऱ्हाडें करीत आहेत. जिन्यांत भेटणाऱ्या शेजाऱ्याच्या पिशवींत कोणतें औषध आहे, याची चौकशी करण्याचें आपणांला कारण नाहीं, हें त्या नव्या वस्त्यांतून सांगणें जरूर आहे.

शेवटीं, ज्यांच्या घरांत ही गोळी आहे त्यांना एवढेंच म्हणतों. त्रास झाला तर तो निमूटपणें सोसूं नका, आणि त्याला भिऊन औषधहि सोडूं नका. केंद्रांत जा, सांगा, विचारा. एका औषधानें नाहीं भागलें तर दुसरें आहे. 2008 पासून दुसऱ्या फळींतलीं व 2016 पासून तिसऱ्या फळींतलीं औषधेंहि सरकारकडून मोफत मिळूं लागलीं आहेत. घोडा बदलून देणारीं माणसें वाटेवर बसलेलीं आहेत. आपण फक्त वाट सोडावयाची नाहीं. उद्यां सकाळची गाडी आहे. डबींत गोळी आहे कीं नाहीं, तेवढें आज रात्रींच पाहून ठेवा.